पावसाळी दगडाची झळक

वेरूळच्या लेण्यांपुढं उभं राहून परमुलखातली माणसं फोनवर आपल्या घरच्यांना कैलास दाखवतात. घरची माणसं सातासमुद्रापलीकडं बसून तो बघतात आणि तोंडात बोट घालतात. तिथून तीन कोस चाललं आणि म्हसोबाचा डोंगर ओलांडला की दरेवस्ती लागते. तिथं बसून शेजारच्या गावाला फोन लावायचा म्हटलं तर लागत नाही. डोंगरानं वस्तीला तिन्ही बाजूंनी असं ओंजळीत धरलंय की वारा येतो, ऊन येतं, लांडगासुद्धा येतो, पण रेंज काही येत नाही.

वस्तीत सव्वीस घरं धनगरांची. त्यातलं आंब्याखालचं घर वच्छलाबाईचं. वय किती विचारलं तर ती सांगायची, "मोठ्या दुष्काळात खडी फोडाया जात हुते. तवापासून तुम्हीच हिशोब करा." अंगठा उठवण्यात तिचं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. साठी उलटल्यावर सुनेनं तिच्या हातात पाटी दिली. सून म्हणजे ज्ञानेश्वरी, वस्तीची आशाताई. ती म्हणाली होती, "आत्या, सत्तर शेळ्यांची तोंडं तुम्हाला येगळी वळखू येतात. अक्षरं तर पन्नास-बावन्नच हायेत. आन ती पळत बी नायत."

वच्छलाबाई दोन वर्षांत लिहायला शिकली. नवऱ्याचं नाव बद्रीनाथ. ते तिनं जन्मात कधी तोंडानं घेतलं नव्हतं. तो गेल्यावरही घेतलं नाही. पण पाटीवर मात्र ती ते रोज लिहायची. तोंडाला बंदी होती, हाताला कुणी घातली होती?

तर अशी ही सासू आणि अशी ही सून. आणि दोघींच्या मधे आता एक टेम्पो येऊ घातला होता.

झालं असं की आशाताईचं सगळं काम फोनवर गेलं. कुठल्या बाईला कितवा महिना, कुणाच्या लेकराला कुठली लस, सगळं फोनमधून पाठवायचं. ज्ञानेश्वरी दुपारी वस्तीतली घरं फिरायची आणि मग टेकाडावर चढून, फोन कपाळाच्या वर धरून, रेंजची वाट बघत उभी राहायची. गेल्या श्रावणात तिथंच शेवाळावरून पाय घसरला. मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात.

वच्छलाबाईचा मुलगा बिभीषण शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, शहरात मुकुंदवाडीला स्टेशनाजवळ त्याची भाड्याची खोली. तो आला, बायकोचा हात बघितला आणि आईसमोर बसला.

"आई, बास झालं आता. उद्या पाय मोडला तर? पुढच्या दिवाळीपतोर वस्तीत रेंज आली तर ठीक. नाय आली तर टेम्पो आणतो. हिला, सायलीला आन तुला घेऊन जातो."

"आन शेळ्या?"

"इकायच्या."

"कशापायी? ने की खोलीत. पंख्याला बांध."

सगळे हसले. पण वच्छलाबाईला ठाऊक होतं, पोरगा हसत असला तरी बोलेल तसं करतो. सव्वीसातल्या नऊ घरांना आधीच कुलूप लागलं होतं. टेम्पो आला असता तर ती काही त्यात बसणार नव्हती. म्हणजे सून जाणार, चार वर्षांची नात सायली जाणार, पाटी जाणार. मागं ती आणि शेळ्या. शेळ्यांशी बोलता येतं, पण त्या वाचून दाखवत नाहीत.

वर्ष कसं गेलं कळलं नाही. भादव्यात, दिवाळीला दोन महिने उरले असताना, वस्तीवर एक जीप आली.

डोंगरापलीकडच्या आंबेदऱ्याच्या ग्रामपंचायतीत जमिनीखालून इंटरनेटची तार येऊन दोन वर्षं झाली होती. भिंतीवर पेटी होती, पेटीत हिरवा दिवा होता. ती तार पुढं दरेवस्तीपर्यंत आणायची तर सगळा खडक फोडावा लागणार, म्हणून सरकारी कागदात वस्तीच्या नावापुढं फुली होती. आता एक संस्था अशा फुलीवाल्या वस्त्यांना हवेतून जोडत होती. जीपमधून उतरली ती संस्थेची संध्या मॅडम, शहरात सिडकोत वाढलेली, पायात बूट, डोक्याला रुमाल. बरोबर दोन माणसं आणि मागं पांढऱ्या ताटल्यांसारखी यंत्रं.

मॅडमनं आंब्याखाली सगळ्यांना समजावलं. "ही एक ताटली पंचायतीच्या गच्चीवर बसेल. एक इथं वस्तीत. पण या दोघींनी एकमेकींना बघायला पाहिजे, आणि मधे डोंगर आहे. म्हणून डोंगरावर अशी जागा हवी, जिथून गच्चीपण दिसेल आणि वस्तीपण. तिथं खांब, त्यावर दोन ताटल्या आणि सोलर. मधे एक झाड आलं तरी चालत नाही."

दोन दिवस मॅडम आणि माणसं डोंगरावर फिरली. कॉम्प्युटरच्या नकाशानं तीन जागा दाखवल्या होत्या. एकीवरून गाव दिसायचं तर वस्ती नाही. दुसरीवरून वस्ती दिसायची तर गाव नाही. तिसरीवरून दोन्ही दिसायचं, पण ती वनखात्याच्या हद्दीत, तिथं खांब रोवायचा तर परवानगीला वर्ष लागणार. बुधवारी संध्याकाळी मॅडम थकून आंब्याखाली बसली. ज्ञानेश्वरीनं चहा दिला.

"ताई, वाईट वाटतं सांगायला," मॅडम म्हणाली. "शनिवारी सामान पुढच्या वस्तीला द्यायचंय. तोवर जागा नाही सापडली तर तुमचा नंबर पुन्हा कधी लागेल, सांगता येत नाही."

ज्ञानेश्वरी मोडून जुळलेलं मनगट नुसतं चोळत राहिली. ते बघून वच्छलाबाई सुपातली बाजरी खाली ठेवून उठली.

"बाई, दोन्हीकडचं दिसंल अशी जागा पाहिजे ना? मग हाय की. आमी तिथनं झळक द्यायचो."

"झळक?"

वच्छलाबाई घरात गेली आणि फडताळातून पितळी थाळी घेऊन आली. पदरानं पुसली, उन्हाला धरली, आणि समोरच्या गोठ्याच्या भिंतीवर उजेडाचा गोळा नाचला.

जुन्या काळी धनगरांचं सगळं बोलणं असं चालायचं. एक झळक म्हणजे भाकर आली. दोन म्हणजे कळप घेऊन परत या. तीन म्हणजे लांडगा. आणि लोकरीचा व्यापारी आंबेदऱ्याच्या चावडीवर आला की तिथून कुणीतरी थाळी दाखवायचं. मधे डोंगर, त्यामुळं ती झळक वस्तीला दिसायची नाही. पण डोंगरावर दगडावर बसलेला गडी ती बघायचा आणि तीच झळक वस्तीकडं वळवायचा.

संध्या मॅडमचा चहा हातातच राहिला. "आजी, आम्ही दुसरं काय करतोय? हेच करतोय!"

"मग दोन दिस नकाशाला कशाला ईचारलं?" वच्छलाबाई म्हणाली. "मला ईचारायचं."

आता मान ताठ करून बोललेलं माणसाला फेडावंही लागतं. गुरुवारी सकाळी ती सगळ्यांना घेऊन वर निघाली. मागं ज्ञानेश्वरी, मॅडम, दोन माणसं आणि वच्छलाबाईचा धाकटा दीर मुंजाबा. मुंजाबानं आयुष्यभर ट्रक चालवला होता, कळप कधी राखला नव्हता. पण कुठंही गर्दी दिसली की तो तिथं असायचा. अर्ध्या चढावर एक बसका काळा दगड होता. त्यावर वच्छलाबाईनं ऐन जवानीत शेकडो वेळा भाकरी नेल्या होत्या.

ती दगडावर चढली, पदर खोचला आणि पूर्वेकडं हात केला. "ते बघा आंबेदरा."

सगळ्यांनी बघितलं. समोर पळस होता, धावडा होता, सीताफळी होती, पावसानं माजलेली हिरवीगार पानं होती. गाव कुठंच नव्हतं.

वच्छलाबाई दगडाच्या या कडेला गेली, त्या कडेला गेली. टाचा उंच केल्या. नुसती पानं.

मुंजाबा खाली बिडी शिलगावत बसला होता. "वैनी, तुमची नजर अजून दुष्काळातच हाय. तवा डोंगर बोडका हुता!"

माणसं हसली. मॅडम हसली नाही, पण तिनं घड्याळाकडं बघितलं, आणि ते वच्छलाबाईला हसण्याहून जास्त लागलं.

मुंजाबानंच पुढं तोड काढली. "त्यात काय एवढं? दहा-बारा झाडं आडवी करा, दिसंल गाव."

"हात लावशील तर बघ, भावजी!" वच्छलाबाई अशी कडाडली की मुंजाबाची बिडी विझली. "ईस वर्सांमागं गावसभेत चराईबंदीला पैला हात म्या वर केला हुता. तवा धनगरांनी मला शिव्या घातल्या. आपल्या शेळ्या उपाशी मारतीया म्हनले. ह्या झाडांपायी वस्तीच्या हिरीला उन्हाळ्यात पानी ऱ्हातं. रेंजपायी पानी तोडू व्हय?"

आपणच राखलेलं झाड आपल्याच आडवं आलं होतं, आणि त्याचा रागही करता येत नव्हता.

सगळी खाली उतरली. उतरताना ज्ञानेश्वरी सासूच्या मागं मागं होती. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या, आत्या. तुम्ही लई केलं." त्या बोलण्यात टेम्पोचा आवाज वच्छलाबाईला ऐकू आला.

दुपार कलली. वच्छलाबाई आंब्याखाली बाजरी निवडायला बसली. जवळच जुनं उखळ होतं, दगडाचं, जमिनीत पुरलेलं. आता त्यात कुणी काही कांडत नव्हतं. पावसाचं पाणी साचायचं आणि चिमण्या प्यायच्या. पण बसायची जागा तीच राहिली होती, सून म्हणून आली तेव्हापासूनची. हात बाजरीत फिरत होते. चार मुठी निवडल्या की मान आपोआप वर व्हायची, डोंगराकडं जायची, पुन्हा खाली यायची. चार मुठी, पुन्हा वर.

तिसऱ्यांदा मान वर झाली तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. मी कुणाला बघतेय?

आणि मग तिला आठवलं. पावसाळ्यात इथं कांडताना ती अशीच बघायची. चार घाव मुसळाचे, आणि एक नजर वर. बद्रीनाथची झळक यायची ती बसक्या दगडावरून नव्हे. पावसाळ्यात त्या दगडापुढं तेव्हाही पानं यायची, कमी असली तरी यायची. म्हणून गडी पावसाळ्यात दुसऱ्या दगडावर जायचे, कड्याच्या पोटात, उंच. पावसाळी दगड. तिथं बायांना जायची मनाई होती. सासरे म्हणायचे, निसरडं आहे, गडी घसरला तर घरात एक रांडव सोसंल, बाई घसरली तर पोरकी लेकरं नाही सोसायची. म्हणून तो दगड तिनं वरून कधी बघितलाच नव्हता. बघितला होता तो इथून, उखळापासून, नुसता एक उजेडाचा ठिपका म्हणून.

तिनं डोळ्यांवर हात धरला. कड्यावर पांढरा पट्टा होता, पूर्वीही होता. त्याच्या डावीकडं साळईचं वाकडं झाड. झाडाच्या बुडाशी, बोटभर वर. तिथंच.

"ज्ञाने!" ती ओरडली. "अगं ज्ञाने, मी उलट्या टोकाकडनं शोधीत हुते!"

शुक्रवारी बेत ठरला. संध्या मॅडमनं पंचायतीच्या गच्चीवर आरसा घेऊन थांबायचं. मुंजाबानं वस्तीत उखळापाशी थाळी घेऊन. ती कड्याची बाजू गायरानात, पंचायतीच्या मालकीची, म्हणजे वनखात्याचाही प्रश्न नव्हता. फक्त वर जाणार कोण?

मॅडमचा एक माणूस म्हणाला, "आजी, तुम्ही वाट सांगा, आम्ही जातो."

"वाट सांगता येत न्हाई, बाबा. वाट शेळीला ठाव. शेळी जाती तिथं मी जाती." आणि मग सुनेकडं वळून, "तू येतीस का? का मनगटाला भ्या वाटतं?"

"मनगटाला वाटतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मला न्हाई."

ऊन डोक्यावर आलं की थाळी कुठल्याही बाजूला वळवता येते, म्हणून मध्यान्हीला वर पोचायचं ठरलं. सासू पुढं, सून मागं. बसक्या दगडापर्यंत ओळखीची वाट. तिथून पुढं वच्छलाबाईनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. ती क्षणभर थांबली. सासऱ्यांना मनातल्या मनात म्हणाली, मामंजी, माझं लेकरू आता सोता बाप झालंय, पोरकं व्हायाचं न्हाई. आणि चढली. कुठं मुळी धरून, कुठं बसून सरकत. तिच्या काठीचा आवाज, सुनेचा श्वास आणि पाठीवर फडक्यात बांधलेली थाळी.

साळईच्या बुडाशी दगड होता. सपाट, खाटेएवढा, दोन माणसं बसतील असा. वच्छलाबाई वर चढली आणि पूर्वेकडं बघितलं. कड्याखाली सरळ उतार, झाडांचे शेंडे सगळे पायाच्या खाली. पलीकडं आंबेदरा उघडं पडलं होतं. मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, पंचायतीची गच्ची. वळून पश्चिमेला बघितलं. आंबा. आंब्याखाली मुंगीएवढा मुंजाबा.

"आत्या, हे बघा."

ज्ञानेश्वरीनं दगडाच्या कडेला बोट लावलं होतं. तिथं एक खाच होती, हातानं पाडलेली, कडा गुळगुळीत झालेल्या. वच्छलाबाईनं थाळी सोडली आणि त्या खाचेत टेकवली. अशी बसली, की जणू मापानंच पाडलेली.

तिनं त्या खाचेवरून नुसता एकदा अंगठा फिरवला.

पण ऊन? ऊन गेलं होतं. वेरूळच्या बाजूनं ढगांचा मोठा कळप येऊन सूर्यापुढं बसला होता. दोघी थांबल्या. अर्धा तास गेला. गच्चीवरची माणसं हलताना दिसत होती.

"गेली तर ती बाई?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

"कळप हाय. कळप एका जागी ऱ्हात न्हाई. दम धर."

आणि ढगाला फट पडली. आधी खालच्या शेतावर ऊन आलं, मग उतारावर धावत वर आलं, मग दगडावर. वच्छलाबाईनं थाळी उचलली. चाळीस वर्षांनी तिनं ती लांबच्या माणसासाठी उन्हाला धरली, पण हात विसरला नव्हता. थोडं खाली, थोडं डावीकडं, आणि झळक.

एक. भाकर आली.

गच्चीवर काही नाही. पुन्हा दिली. आणि मग तिकडून, पंचायतीच्या गच्चीवरून, सुईच्या टोकाएवढा, पण डोळ्यात घुसणारा उजेड आला. एकदा. लगेच दुसऱ्यांदा. मग तर मॅडम आरसा हलवायची थांबेचना. ज्ञानेश्वरीनं सासूला मिठी मारली. थाळी पडता पडता वाचली.

"सोड, सोड! अजून निम्मंच झालंय." वच्छलाबाई वळली आणि वस्तीकडं झळक दिली. आंब्याखालून लगेच उत्तर आलं. एक. दोन. तीन.

"तीन?" वच्छलाबाई म्हणाली. "लांडगा आला व्हय?"

खाली उतरल्यावर तिनं मुंजाबाला गाठलं. तो म्हणाला, "वैनी, तुम्हाला त्या कड्यावर बघून तीनच निघाले!"

त्या दुपारी आणि शनिवारी वस्ती घरात थांबली नाही. खांबाचे तुकडे, सोलरच्या काचा, बॅटऱ्या, सिमेंट, पाण्याच्या घागरी, सगळं माणसांनी खांद्यावर वाहून वर नेलं. कुलूप लागलेल्या घरांपैकी दोन घरची माणसं शहरातून खास आली आणि त्यांनीही घागरी उचलल्या. खांब रोवताना वच्छलाबाईनं एकच सांगितलं, "खाचेला धक्का लागू द्यायचा न्हाई." खांब हातभर बाजूला रोवला.

शेवटी कागद निघाले. पंचायतीचे शिपाईमामा नेहमीच्या सवयीनं शाईची डबी उघडून वच्छलाबाईपुढं आले. तिनं डबीचं झाकण लावलं आणि त्यांच्याच खिशाचा पेन काढून घेतला. 'जागेचे नाव' असं लिहिलेलं होतं, तिथं तिनं एकेक अक्षर दाबून लिहिलं: पावसाळी दगड. खाली, 'जागा दाखवणाऱ्याचे नाव': वच्छलाबाई बद्रीनाथ शिंगाडे. मधल्या नावापाशी पेन जरा जास्त वेळ थांबला. ओळ थोडी वर गेली, पण अक्षर फुटलं नाही.

संध्या मॅडमनं कागद हातात घेतला आणि ती उभी राहिली. "आजी, आमच्या नकाशावर आता याच नावानं ही जागा येईल."

"येऊ दे," वच्छलाबाई म्हणाली. "नकाशाला बी कळू दे."

आठ दिवसांनी वस्तीतल्या पेटीत हिरवा दिवा लागला. ज्ञानेश्वरीनं आंब्याखाली बाजेवर बसून त्या दिवसाची सगळी माहिती पाठवली. टेकाड चढायचं नाही, हात वर करायचा नाही. पाठवून झालं तरी ती फोनकडं बघतच बसली. मग तिनं बिभीषणचा नंबर लावला, चित्राचा फोन, आणि सासूच्या हातात दिला.

बिभीषण कंपनीतून नुकताच खोलीवर आला होता. आईचं तोंड बघून घाबरला. "आई? कुठनं बोलतीस? ह्या वयात टेकाडावर चढलीस का काय?"

"चढले हुते. त्याहून बी वर. पण आता उखळापशी बसलेय."

"खोटं नको बोलू."

वच्छलाबाईनं फोन फिरवला. आधी उखळ दाखवलं, पाणी पिणाऱ्या चिमण्या दाखवल्या. मग बाज, बाजेवर सून, सुनेच्या मांडीवर सायली. मग फोन वर केला. कड्यावर साळईशेजारी खांब होता आणि त्यावरच्या काचेवर कलतं ऊन पडलं होतं.

बिभीषणनं फोन डोळ्यांजवळ आणला. लहानपणी तो याच उखळापाशी आईजवळ बसायचा आणि याच जागेवरून बापाची वाट बघायचा.

"तिथनंच आबा..." तो म्हणाला आणि थांबला.

"तिथनंच."

"आई, मी टेम्पोवाल्याला नाय म्हनून सांगतो."

"नाय कशाला? बोलाव की," वच्छलाबाई म्हणाली. "मुकुंदवाडीचं तुझं सामान तरी कशात आणशील? दिवाळीला ये, मग बघू कुणी कुठं ऱ्हायाचं ते."

वर कड्यावर काचेवरचं ऊन सरकलं आणि वस्तीवर एकदाच लख्ख झळक पडली. सायलीनं बोट केलं. "आज्जे, ते काय?"

वच्छलाबाईनं फोन सुनेकडं दिला आणि सूप उचललं. "भाकर आली म्हनतंय," ती म्हणाली. "चल, चुलीला जाळ घालू."